बाहेरून बक्षीस नसताना टिकून राहणाऱ्या वर्तनाचा प्रयोगशाळेत अभ्यास कसा करतात?

अंग डोलावणे, नखे कुरतडणे यांसारखे वर्तन कोणी बक्षीस देत नसतानाही टिकते, मग प्रयोगशाळेत ते तपासायचे कसे, असे आपण विचारले आहे. नेहमीच्या प्रयोगात खटका दाबल्यावर उंदराला अन्नाची गोळी द्यायची की नाही, हे प्रयोगकर्ता ठरवतो. येथे मात्र वर्तन आणि त्याचे फळ एकत्रच येतात. माझ्या मते या विषयातील उपयुक्त प्रतिमाने (प्रयोगाचे नमुने) म्हणजे ते फळ वर्तनापासून सुटे करण्याच्या युक्त्या आहेत.

त्यांतील सर्वांत बोलके प्रतिमान धावचक्राचे. चक्रात धावणे हे निव्वळ बंदिवासाचे लक्षण असावे, अशी शंका घेतली जाते; पण नेदरलँड्समधील दोन संशोधकांनी २०१४ साली मोकळ्या जागी ठेवलेल्या चक्रांवर रानउंदीर आपणहून धावतात आणि जवळचे अन्न काढून घेतल्यावरही ते थांबत नाहीत, असे दाखवले. प्रयोगशाळेत चक्राला ब्रेक लावतात आणि शेजारी खटका बसवतात. खटका दाबला की ब्रेक सुटतो, थोडा वेळ धावायला मिळते आणि चक्र पुन्हा अडकते. उंदीर खटका दाबायला शिकतो, याचा अर्थ धावणे हेच प्रबलक, म्हणजे वर्तन टिकवणारे फळ, आहे. १९५४ सालीच हे दिसून आले होते. धावण्याच्या एका संधीसाठी खटका किती वेळा दाबावा लागेल, ती संख्या वाढवत नेली की उंदीर कुठे थांबतो, यावरून त्या प्रबलकाची ताकदही मोजता येते.

माणसांच्या बाबतीत मानसशास्त्रज्ञ रिंकोव्हर यांचे १९७८ मधील काम मला फार आवडते. टेबलावर ताटली गरगर फिरवत राहणाऱ्या एका मुलासाठी त्यांनी टेबलावर गालिचा अंथरला. ताटली फिरतच होती, गेला तो फक्त आवाज, आणि फिरवणे ओसरले. वर्तनातून मिळणारी संवेदना काढून घेऊन ते ओसरू देण्याच्या या पद्धतीला वर्तन विश्लेषणात संवेदी विलोपन म्हणतात. याउलट, व्यक्तीला एकटे ठेवूनही वर्तन चालू राहिले, तर त्यावरून इतरांचे लक्ष हे त्याचे कारण नसावे एवढेच कळते. नेमकी कोणती संवेदना ते टिकवते, हे कळत नाही.

दोन ठिकाणी गफलत होते. काम संपल्यावर स्वतःच स्वतःला बक्षीस देणे हा वेगळा विषय आहे, आणि त्याला प्रबलन (फळामुळे वर्तन बळावणे) म्हणण्यावर मानसशास्त्रज्ञ कॅटानिया यांनी १९७५ साली रास्त आक्षेप घेतला. तसेच, ठरावीक अंतराने अन्न मिळणारे उंदीर मधल्या वेळात प्रचंड पाणी पितात, हे संशोधक फॉक यांचे १९६१ चे निरीक्षण येथे उदाहरण म्हणून सर्रास दिले जाते. पण ते वर्तन अन्नाच्या वेळापत्रकातून उद्भवते, म्हणून मी ते जपूनच वापरेन.

अंग डोलावण्यातून शरीराच्या आत मिळणारी संवेदना मात्र गालिचा अंथरून काढता येत नाही. तेथे तशीच संवेदना, उदाहरणार्थ झोपाळ्यावर, आधी मुबलक देतात आणि त्यानंतर डोलावणे कमी होते का, ते पाहतात.