साक्षीला उभं राहून काय बोलू? (वाचकांचे प्रश्न, मावशींची उत्तरं)

सर्वांना सलाम. यावेळी पत्रं बरीच आलीत आणि गंमत म्हणजे विषय वेगवेगळे असले तरी चार पत्रांत दुखणं एकच आहे, खरं बोलावं की नाही. म्हणून ती चार एकत्र घेतली. बाकीच्यांनी रागावू नका, पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : सलाम मावशी. माझे मिस्टर साखर कारखान्यात कामाला होते, दोन्ही किडन्या गेल्या, आता डायलिसिस चालू आहे. नोकरी सुटल्यात जमा. दर रविवारी चर्चमध्ये साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायच्या वेळी, मला उभं करतात कारण "हिचा विश्वास बघा" असं सगळे म्हणतात. मी उभी राहून प्रभूने सगळं चांगलं केलं म्हणते, सगळे हालेलूया म्हणतात आणि घरी आले की मी भांडी आपटते. प्रार्थनेला बसले तर तोंडातून शब्द निघत नाही. त्यात एक भाऊ म्हणाले की घरात काहीतरी लपलेलं पाप असेल, शोधा. मी ढोंगी आहे का? (एक भगिनी, श्रीरामपूर तालुका)

अगं ढोंगी असतीस तर हे पत्र लिहिलंच नसतंस. पहिले त्या भाऊंचं बघू, कारण ते वाचून माझंच बीपी वाढलं. त्यांना बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक वाचायला सांग, काही चूक नसताना सगळं गमावलेल्या माणसाची गोष्ट आहे ती, आणि पहिले दोन अध्याय वाचून शेवटच्या पानावर उडी मारायची नाही, मधलं सगळं वाचायचं. ईयोबाचे तीन मित्र अख्खं पुस्तकभर हेच सांगत बसलेत की तुझंच काहीतरी चुकलं असणार, देव उगाच कुणाला मारत नाही. बोलणं एकदम धार्मिक, कुठल्याही कन्व्हेन्शनला स्टेजवर चालेल असं. आणि ईयोब मात्र देवाशी भांडतोय, माझा जन्मच कशाला झाला म्हणतोय. तेराव्या अध्यायात तो मित्रांना सरळ विचारतो की तुम्ही देवाची बाजू घ्यायला खोटं बोलणार का? आणि शेवटी बेचाळिसाव्यात देव कुणावर चिडलाय तर त्या मित्रांवर, म्हणतो माझा सेवक ईयोब जसं बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. म्हणजे ज्याने आदळआपट केली तो नीट बोलला असं देवाचंच म्हणणं आहे. तुझी भांडी आपटणं मला त्याच खात्यात दिसतं बाई.

मी मिशन दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य काढलं, डायलिसिसचं घर कसं असतं ते मला माहितेय. चार तास मशीनवर, हाताला फिस्टुला, म्हणजे मशीनला जोडता यावं म्हणून ऑपरेशनने केलेली शिरेची जोडणी, त्यावर बोटं ठेवली की खाली रक्त थरथरत पळतं ते कळतं, त्या हातावर बीपी घ्यायचं नाही, सुई टोचू द्यायची नाही, झोपेत अंगाखाली येऊ द्यायचा नाही. पाणी बाटलीत मोजून द्यायचं, आणि उन्हाळ्यात तो माणूस तहानेने "एक घोट दे गं" म्हणतो तेव्हा नाही म्हणायचं काम बायकोचं. डाळ-भाजीचं पाणी फेकून शिजवायचं, केळं नको, नारळपाणी नको, वर एसटीचे धक्के खात जाणं-येणं. हे सगळं करून रविवारी हसत उभं राहायचं आणि वर पाप शोधायचं? मला सांग, चर्चच्या मंडळीत कुणी पाणी मोजलंय का तुझ्यासाठी एक दिवस?

आता साक्षीचं. कोणी सांगितलं की साक्ष म्हणजे गोड शेवट असलेली गोष्टच पाहिजे? बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत विलाप भरपूर आहेत, आपण गायला घेत नाही एवढंच, आपल्याला टाळ वाजतील अशीच गाणी लागतात. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढून बघ, बहुतेक सगळ्या विलापांत शेवटी कुठेतरी "तरी मी तुझी स्तुती करीन" येतं, यात येतच नाही, अंधारातच संपतं. ते ज्यांनी पवित्र शास्त्रात ठेवलं त्यांना ते काढून टाकता आलं नसतं का? ठेवलं. म्हणजे असं म्हणूनही माणूस देवापुढे उभा राहू शकतो.

तर पुढच्या रविवारी उठवलं तर जे खरं आहे तेवढंच बोल. "मिस्टर तसेच आहेत, मी थकलेय, प्रार्थना होत नाहीये, तुम्ही माझ्यासाठी करा." बस. दोन मिनिटं शांतता होईल, पाळकसाहेबांना काय बोलावं सुचणार नाही, होऊ दे. मी पैजेवर सांगते, मागच्या बाकावरून कुणीतरी बाई नंतर तुला गाठेल आणि म्हणेल माझ्याही घरी असंच आहे गं. आणि नसेल उठायचं तर उठूच नको, मान हलवून नाही म्हण, साक्ष देणं काही हप्ता नाहीये दर आठवड्याला भरायला.

ढोंगीपणाचा प्रश्न विचारलास म्हणून पंडिता रमाबाईंचं सांगते. आई, वडील, बहीण दुष्काळाच्या वणवणीत गेले, मग भाऊ गेला, लग्न होऊन दोन वर्षं होत नाहीत तर 1882 मध्ये नवरा पटकीने गेला, पदरी तान्ही मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडला बाप्तिस्मा घेतला. आता एवढ्या मोठ्या विदुषीचं धर्मांतर, जगभर बोलबाला, आणि नंतर बाईंनी स्वतःच्या साक्षीत काय लिहून ठेवलं, तर बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला कळलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. हे लिहायला काय छाती लागली असेल विचार कर, विरोधक टपून बसलेत, देणग्या देणारे परदेशातून बघतायत, आणि बाई म्हणतात आठ वर्षं माझ्याकडे ते नव्हतं. त्यांनी नाही झाकलं, मग तू आणि मी कशाला झाकायचं.

एक कामाचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचा काउंटर असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. खिशातून भरत असाल तर आधी हे कर. आणि स्वतः जेव, झोप. बायबलमधला संदेष्टा एलिया झुडपाखाली पडून "आता मला मरण दे" म्हणाला तेव्हा देवाने त्याला प्रवचन नाही दिलं, दूताकरवी दोनदा भाकर आणि पाणी दिलं आणि मध्ये परत झोपू दिलं. प्रश्न विचारले ते नंतर.

प्रश्न : मावशी, मी बाप्तिस्मा घेतलेला आहे, तरुण संघात आहे, पण दाखल्यावर हिंदू आणि अनुसूचित जात आहे. आता सरकारी नोकरीचा फॉर्म भरायचाय. आमच्याकडचे म्हणतात सगळेच असं करतात, गप्प बस आणि भर, नोकरी लागली की दशमांश, म्हणजे पगाराचा दहावा भाग, मंडळीला दे. मला झोप येत नाही. (एक तरुण, जालना)

बाळा, शेवटचं वाक्य वाचून मला हसू पण आलं आणि लाज पण वाटली. खोट्या प्रतिज्ञापत्रावर दशमांश!

आधी कायदा काय आहे ते नीट समजून घे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती फक्त हिंदूंपुरत्या धरल्या, 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच आहेत. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने पुदुच्चेरीच्या एका बाईंच्या केसमध्ये सांगितलं की प्रत्यक्षात ख्रिस्ती म्हणून जगायचं, चर्चला जायचं, बाप्तिस्मा घ्यायचा आणि आरक्षणासाठी हिंदू म्हणायचं हे चालणार नाही. म्हणजे भीती नुसती मनातली नाहीये, नोकरी लागल्यावर दहा वर्षांनी कुणी तक्रार केली तर नोकरी जाईल आणि केस पण होईल.

आणि हे पण तितक्याच जोरात सांगते की तो 1950 चा नियम मला अन्यायाचा वाटतो. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुऊन निघत असती तर आपल्या खेड्यापाड्यात आडनाव ऐकून घर नाकारलं नसतं, आणि खरं तर मंडळीतसुद्धा सोयरीक जमवताना काय काय विचारतात ते तुला माहितेय. वर्षानुवर्षं याचिका कोर्टात पडून आहेत, 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोगसुद्धा याच प्रश्नावर नेमला. तेव्हा त्यासाठी उघड भांडायचं असेल तर भांड, मोर्चा काढा, निवेदन द्या, मी येते म्हातारपणी काठी टेकत.

पण सही करून खोटं लिहिणं वेगळं. माझं मत विचारलंस तर भरू नको. ओपनमधून भर, आणि तुमच्या समाजासाठी आणखी कोणत्या यादीत काही बसतं का ते समाजकल्याण ऑफिसात किंवा एखाद्या वकिलाला लेखी विचार. मला पेन्शन येते म्हणून हे बोलायला सोपं आहे, ते मला कळतं. म्हणूनच ज्यांनी आधी भरलं, ज्यांच्या घरात त्यावर चूल पेटते, त्यांच्याकडे बोट दाखवायला मी जाणार नाही आणि तू पण जाऊ नको. माझा राग आहे तो "गप्प बस" म्हणणाऱ्या मंडळीच्या पंच कमिटीवर. पोराने खरं बोलावं असं वाटत असेल तर त्याच्या क्लासची फी मंडळीने भरावी, कंपाउंडच्या गेटला दरवर्षी नवा रंग नाही दिला तरी चालेल. हा अंक त्यांना दाखव, माझं नाव सांगून दाखव.

प्रश्न : उपवास प्रार्थनेत माझ्यावर हात ठेवून सांगितलं की शुगर गेली, गोळ्या बंद करा. बंद केल्या नाहीत तर अविश्वास होईल का? (एक वाचक, सोलापूर)

भाऊ, गोळ्या बंद करू नका. आज संध्याकाळची पण चुकवू नका. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं तेव्हा त्यांना काय सांगितलं, जाऊन याजकाला दाखवा, म्हणजे त्या काळच्या पद्धतीने तपासणी करून घ्या. प्रभूला तपासणीची भीती नव्हती तर प्रार्थना करणाऱ्यांना का असावी? लॅबमध्ये जाऊन उपाशीपोटीची आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी) तपासणी करा, गोळी कमी करायची असेल तर डॉक्टर करतील, आणि तशी कमी झाली तर रिपोर्ट हातात धरून साक्ष द्या, मी पहिली टाळी वाजवेन. प्रेषित पौलाच्या शरीरात काटा होता, म्हणजे कसलंतरी दुखणं, तीनदा विनंती केली, निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढंच उत्तर मिळालं. पौलाला कुणी अविश्वासी म्हणत नाही, मग तुम्हाला कोण म्हणतंय?

प्रश्न : आमच्या भाड्याच्या घरात दर शुक्रवारी कॉटेज मिटिंग (घरगुती प्रार्थनासभा) असते. मागच्या महिन्यात गल्लीतली पोरं दारात येऊन इथे धर्मांतर चालतं का म्हणून ओरडली. घरमालकांना आम्ही वाढदिवस आहे असं सांगत होतो. आता मिस्टर म्हणतात बंदच करू, सासूबाई म्हणतात भिऊ नका, आणखी मोठ्याने गा. काय करावं? (एक भगिनी, पिंपरी-चिंचवड)

दर शुक्रवारी वाढदिवस? घरमालक साधा माणूस दिसतोय.

तुझ्या मिस्टरांची भीती खोटी नाहीये, घरात लहान मुलं असतील तर बापाला आधी तेच दिसणार, त्यांना भित्रा म्हणू नका. पण लपवालपवीने भीती वाढतेच, कारण वाढदिवसाचं खोटं पकडलं गेलं की पुढचं खरं पण कुणी ऐकत नाही, आणि मग पोरांना म्हणता येतं की बघा, लपवत होते म्हणजे काहीतरी होतंच. संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने आपला धर्म मानायचा, पाळायचा हक्क दिलाय, घरात बसून प्रार्थना करणं गुन्हा नाही. तेव्हा घरमालकांकडे दोघं जा, सरळ सांगा की आम्ही ख्रिस्ती आहोत, शुक्रवारी दहा-बारा माणसं प्रार्थनेला येतात, अमुक वाजता सुरू, अमुक वाजता बंद. ते नको म्हणाले तर त्यांचं घर आहे, दुसरीकडे घ्या किंवा मंडळीच्या हॉलमध्ये घ्या, त्यात प्रभूचा काही पराभव होत नाही. हो म्हणाले तर पाळकसाहेबांच्या सहीने जवळच्या पोलीस चौकीत एक साधं माहितीचं पत्र द्या आणि पोच घ्या. परत कुणी दारात आलं तर वाद घालायचा नाही, मोबाईल नाचवायचा नाही, एकाने बाहेर जाऊन शांतपणे बोलायचं, आत बसून ऐकायचंय तर या म्हणायचं. धक्काबुक्की झाली तर मात्र लगेच 112. प्रेषित पेत्र बायबलमध्ये म्हणतो की आपल्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने. ते "सौम्यतेने" आपण वाचताना गिळतो.

आणि सासूबाईंना माझा सलाम सांग, त्यांची हिंमत मला आवडली, पण दोन खोल्यांच्या घरात माईक आणि स्पीकर कशाला लागतो ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. शेजारी आजारी माणूस असतो, दहावीची पोरं असतात. 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकातली ना. वा. टिळकांची भजनं नुसत्या तोंडाने, फार तर एका पेटीवर छान होतात. स्पीकर मंडळीत नेऊन ठेवा.