सुतकात गरुडपुराण वाचतात ते घाबरवायलाच का?

बऱ्याच अंशी हो. घरोघरी वाचतात तो सारोद्धार, म्हणजे त्याचा 16 अध्यायांचा संक्षेप. त्यात यमलोकाच्या वाटेवर वैतरणी ही रक्ता-पुवाची नदी आहे आणि ती तरायला गोदान. नाशिकला रामकुंडावर दहाव्याला खरी गाय क्वचितच असते, तिच्या नावाने दक्षिणा देतात. ऐन दुःखात घासाघीस कोण करणार? नियंत्रणाचा खरा मासला चौथ्या अध्यायात दिसतो: वैतरणीत पडणाऱ्यांत कपिला गाईचं दूध पिणारा आणि जानवं घालणारा शूद्रही आहे. अशाच वर्चस्वाविरुद्ध 1873 साली स्थापन झालेल्या फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने भटाविना विधींचा आग्रह धरला. मात्र त्याच यादीत खोटी साक्ष देणारे आणि मित्रद्रोहीही आहेत, म्हणजे सगळाच धाक जातीसाठी नव्हता.