ह्यूस्टनला घर घेताय, तर विम्याबद्दल थोडं

जुलैत नाशिकहून ह्यूस्टनला येताय, केटी भागात घर बघताय, होमओनर्स इन्शुरन्सचं काय करायचं, आणि "ताई, तिकडे एकटं वाटतं का?" असे तुमचे दोन प्रश्न. दुसरा आधी उरकते. वाटतं. मग ग्रोसरी आणायची असते. आता विमा.

पॉलिसी घ्यायची की नाही हे तुमच्या हातात नाही, कर्ज देणारी कंपनी घ्यायलाच लावते. हप्ता बहुधा एस्क्रोमधून (कर्ज कंपनी कर-विम्यासाठी दरमहा पैसे घेऊन ठेवते ते खातं) परस्पर जातो, त्यामुळे पॉलिसी कुणी वाचत नाही. निदान काय मिळणार नाही ती पानं वाचा.

पाईप फुटून पाणी आलं तर भरपाई मिळते. पुराचं पाणी दारातून आत शिरलं तर साध्या पॉलिसीत छदाम मिळत नाही. 2017 च्या हार्वी वादळात नकाशावरच्या पूरक्षेत्रात नसलेली कितीतरी घरं बुडाली. केटीच्या बाजूला तर बार्कर धरणाचं पाणी जिथे तुंबणार तिथेच वसाहती बांधल्यात, आणि अनेकांना ते पाणी घरात आल्यावर कळलं. फ्लड पॉलिसी वेगळी असते. सरकारी योजनेत घराला जास्तीत जास्त 2,50,000 डॉलर, सामानाला 1,00,000. कर्जाबरोबर घेतली नाही तर लागू व्हायला 30 दिवस लागतात, म्हणजे टीव्हीवर वादळ दिसू लागल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. एजंट म्हणेल, तुम्हाला गरज नाही. घ्या.

वारा आणि गारांचं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आधी तुम्ही भरायचा भाग, बहुतेक वेळा टक्क्यांत असतं, आणि हे टक्के नुकसानीचे नाहीत, घराच्या विमा रकमेचे. 4 लाख डॉलरचा विमा, 2 टक्के डिडक्टिबल, म्हणजे पहिले 8,000 तुमच्या खिशातून. गारा पडल्या की रूफर (छप्पर दुरुस्त करणारे) दारात हजर, "डिडक्टिबलचं आम्ही बघतो." टेक्ससमध्ये 2019 पासून हे बेकायदा आहे. दार लावून घ्या. आणि पाटल्या, तोडे, मंगळसूत्र यांची वेगळी नोंद करून घ्या, कारण चोरी झाली तर दागिन्यांना साध्या पॉलिसीत बऱ्याचदा 1,500 डॉलरच्या आसपासच मिळतात.

आमच्यावर वेळ आली फेब्रुवारी 2021 च्या थंडीत. इथे पाण्याचे पाईप माळ्यावरून नेतात. वीज गेली, पाईप गोठून फुटला, आणि छत भिजलेल्या इन्सुलेशनसकट माझ्या क्लोजेटवर कोसळलं. क्लेम मंजूर झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण चेक आला तो आमच्या आणि कर्ज कंपनीच्या जोडनावाने. तो सही करून त्यांना पाठवायचा, मग त्यांचा माणूस काम बघून जाणार, मग थोडेथोडे पैसे सुटणार. कागद फॅक्सने मागत होते, फॅक्सने! पैसे आल्याशिवाय कॉन्ट्रॅक्टर काम करेना, काम झाल्याशिवाय कंपनी पैसे सोडेना.

तोवर भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये. भाडं विम्यातून मिळालं (याची मर्यादा तुमच्या पॉलिसीत किती आहे ते बघून ठेवा), पण ते अपार्टमेंट शाळेच्या हद्दीबाहेर. ऑगस्टमध्ये शाळेने राहत्या पत्त्याचं वीजबिल मागितलं. आमच्या नावाचं वीजबिल ज्या घराचं, त्याला छत नव्हतं. मुख्याध्यापक बाई फार गोड बोलल्या आणि काही केलं नाही. लेकीला दुसऱ्या शाळेत घातलं, तिथे ऑर्केस्ट्रा नव्हता. व्हायोलिन सुटलं ते सुटलंच. ती म्हणते, सोड ना आई. मला नाही सोडवत. कुठल्याच पॉलिसीत याला रकाना नाही.

सामानाच्या यादीला मात्र रकाने असतात, वस्तू, वय, किंमत. त्यात मी आईची लग्नातली पैठणी लिहिली. त्यांनी ती 'बायकांचे कपडे' मध्ये टाकली. वय चाळिशीच्या पुढे, घसारा धरून किंमत जवळजवळ शून्य. अ‍ॅडजस्टरने (विमा कंपनीचा नुकसान तपासणारा माणूस) विचारलं, बिल आहे का? आजोबांनी येवल्याहून आणलेल्या साडीचं बिल! मी भांडले, बरंच भांडले, आणि अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. आईला अजून सांगितलेलं नाही. दर दिवाळीला विचारते, "नेसलीस का गं?" मी म्हणते, इथे कुठे नेसायला होतं.

म्हणून पॉलिसी घेताना सामानाला 'रिप्लेसमेंट कॉस्ट' (तशीच नवी वस्तू घ्यायची किंमत) मागा, त्यात घसारा शेवटी कापला जात नाही. थोडे जास्त पैसे जातात, जाऊ देत. हिवाळ्यात भारतात जाल तेव्हा हीट चालू ठेवा आणि पाण्याचा मेन व्हॉल्व्ह बंद करा, नाहीतर काळजी घेतली नाही म्हणून क्लेम अडवतात. कंपनीने फारच छळलं तर टेक्सस डिपार्टमेंट ऑफ इन्शुरन्सकडे तक्रार करता येते, पैसे पडत नाहीत.

घर लावून झालं की प्रत्येक क्लोजेट, प्रत्येक ड्रॉवर उघडून फोनवर व्हिडिओ काढा. साड्यांचे पदर उलगडून दाखवा. आणि तुम्हाला येवला जवळ आहे, तर निघण्याआधी जुन्या पैठण्या एखाद्या पेढीवर दाखवून आजची किंमत सही-शिक्क्यासह लिहून घ्या. इंग्रजीत.