रूपं पाठ आहेत, तरी इंग्रजी कळत नाही

लातूरला शिकायला आलेल्या मुलांकडून एक तक्रार मी सतत ऐकते. "मॅडम, गो-वेन्ट-गॉन सगळं पाठ आहे, पण वाक्य समोर आलं की डोकं बंद पडतं." पाठोपाठ येतं, "मला डोकंच नाही." मला काळजी वाटते ती या दुसऱ्या वाक्याची. अवघड धड्यानं मूल खचत नाही, त्यावरून स्वतःबद्दल काढलेल्या निष्कर्षानं खचतं.

औशाकडचा एक मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता. त्याच्या 'करायलो, जायलो'ला वर्गातली मुलं हसली आणि तो मराठीतही गप्प झाला. सुरुवातीच्या भेटी त्याला बोलतं करण्यातच गेल्या.

एकदा विचारलं, "आईचा फोन आला, काय करायलास म्हणाली, तर?"

"अभ्यास करायलो."

"आणि रोज पहाटे काय करतोस म्हणाली, तर?"

"अभ्यास करतो."

"फरक काय दोन्हीत?"

"करायलो म्हंजे आत्ता चालू हाय. करतो म्हंजे रोजचं." एवढं बोलून तो थांबला. मग वही ओढून लिहिलं: आय ॲम स्टडीइंग. खाली, आय स्टडी. बराच वेळ वहीकडे बघत राहिला.

ज्या बोलीची लाज वाटत होती, तिच्यातच हा भेद इतका स्वच्छ होता. तो शिकवायचा नव्हताच, त्याचा त्याला सापडू द्यायचा होता. तिथून आमचं काम सोपं झालं.

जिथं मराठी-इंग्रजीच्या वाटा फुटतात, त्या जागा मात्र वेगळ्या लिहून ठेवाव्यात. आपण 'काल आलोय' म्हणतो. इंग्रजीत यस्टरडे आलं की हॅव कम चालत नाही, केमच लागतं. 'मला समजायलंय' ठीक, पण तिकडे साधं आय अंडरस्टँड.

वाक्प्रचारांत तो शब्द सुटे करून अर्थ लावायचा. गिव्ह म्हणजे देणे, अप म्हणजे वर, मग गिव्ह अप म्हणजे काय? मी म्हटलं, "पाकीट हरवून बसला, यात बसलं कोण?" तो पहिल्यांदा मोकळा हसला. असे शब्द जोडीनंच घ्यावेत, आणि घरातल्या खऱ्या वाक्यात बसवावेत. त्यानं लिहिलं: माय फादर गेव्ह अप टोबॅको. वडिलांनी खरंच तंबाखू सोडली होती. ते वाक्य तो विसरला नाही.

पालकांना एवढीच विनंती: मूल इंग्रजी बोलत असताना मध्येच चूक काढू नका, वाक्य पुरं होऊ द्या. हा मुलगा आता वर्गात शंका विचारतो, अडला तर उरलेलं मराठीत सांगतो.