खेळघर: वाचकांचे प्रश्न – 'ड्यूस एक्स' कन्सोलवर खेळावा की कॉम्प्युटरवर?

प्रश्न: दादा, पीएस फाईव्हवर (म्हणजे प्लेस्टेशन फाईव्हवर) प्लेस्टेशन प्लसचा डिलक्स प्लॅन घेतलाय, त्यात जुन्या गेम्समध्ये 'ड्यूस एक्स: द कॉन्स्पिरसी' दिसला. मोठा भाऊ म्हणतो तो पीएस टूचा आहे, नको खेळूस, कॉम्प्युटरवरचाच खरा, कन्सोलवाला कापून-छाटून पोरांसाठी सोपा केलेला. खरंच एवढा फरक आहे का? – एक वाचक, सांगली

भाऊ अर्धा बरोबर आहे. कापलंय हे खरं, पण लोक जे कापलं म्हणतात ते बहुतेक शाबूत आहे आणि जे कापलंय त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

गेम मुळात कॉम्प्युटरवर आला जून २००० मध्ये. अमेरिकेत ऑस्टिनला आयन स्टॉर्म कंपनीचा स्टुडिओ होता, तिथे वॉरन स्पेक्टर आणि हार्वी स्मिथ वगैरे मंडळींनी केला. दिसायला बंदूकबाजीचा गेम पण आतून पक्का आरपीजी, म्हणजे पिस्तूल चालवायचं शिकायला पॉइंट खर्च करा, कुलूप उघडायला करा, कॉम्प्युटर हॅक करायला करा, आणि मग एकाच बिल्डिंगमध्ये कुणी पुढच्या दाराने गोळीबार करत शिरतो, कुणी एअर डक्टमधून सरपटत जातो, कुणी पासवर्ड शोधून आरामात जातो, आणि गेम तिघांनाही अडवत नाही. हाच त्याचा जीव. आता हे सगळं पीएस टूमध्ये कोंबायचं होतं. कॉम्प्युटरला किमान ६४ एमबी रॅम लागायची, पीएस टूकडे होती ३२, आणि ग्राफिक्स चिपला जोडलेली वेगळी फक्त ४. वर हार्ड डिस्क नाही, सगळं डीव्हीडीवरून वाचायचं आणि सेव्ह करायला ८ एमबीचं मेमरी कार्ड. एक गोष्ट मात्र सोयीची होती. गेम अनरिअल इंजिनवर, म्हणजे गेम चालवणाऱ्या एका तयार सॉफ्टवेअरच्या पायावर होता, आणि ते इंजिन 'अनरिअल टूर्नामेंट' या दुसऱ्या गेमच्या निमित्ताने २००० मध्येच पीएस टूवर येऊन गेलं होतं, त्यामुळे अगदी पाटी कोरी नव्हती. तरी गेम यायला मार्च २००२ उजाडला. 'द कॉन्स्पिरसी' हे नाव अमेरिकेतलं, युरोपात नुसताच 'ड्यूस एक्स' म्हणून विकला.

आता मेमरी कमी म्हणजे नेमकं काय होतं ते बघ. पहिलीच मोहीम घे, लिबर्टी आयलंड. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, तोही डोकं उडवलेला, साल २०५२. तू दक्षिणेच्या धक्क्यावर उतरतोस, तिथे गेममधल्या नायकाचा, म्हणजे तुझा, भाऊ पॉल भेटतो, विचारतो कुठलं हत्यार देऊ, लांबून मारायची रायफल, गपचूप मारायचा छोटा क्रॉसबो की रॉकेट सोडणारी जीईपी गन. मग तू मोकळा. उत्तरेच्या धक्क्यावर एक खबऱ्या आहे त्याला भेटून पुतळ्याच्या पुढच्या दाराची किल्ली मिळवता येते, नाहीतर मागून खोक्यांवर चढून जाता येतं. कॉम्प्युटरवर हे अख्खं बेट एकच सलग मॅप आहे, म्हणजे लांबून दिसणारा पहारेकरी खरोखर तिथे फिरतोय, तुझ्या मागे लागला तर बेटभर लागतो, आणि पळता पळता तू त्याला नेऊन दुसऱ्या रोबोटपुढे उभा करू शकतोस. पीएस टूवर असे मोठे मॅप तोडून तुकडे केले आणि मधे लोडिंगसाठी बोळ-दरवाजे घातले, वाड्याच्या मधोमध भिंती घालून बिऱ्हाडं पाडावीत तसं. काही बदल खेळ थोडा समतोल करायलाही केलेत, पण बहुतेक या लोडिंगपायीच. परिणाम काय, तर मागे लागलेला शिपाई भिंतीपल्याड राहतो, तू दुसऱ्या बिऱ्हाडात जाऊन निवांत बँडेज बांधतोस. भीतीच निघून जाते. माझ्या मते खरा तोटा हा, आणि तो सोपं करायच्या हौसेतून नाही, मेमरीच्या तंगीतून आलाय.

(तंगी कॉम्प्युटरवरही होतीच बरं का. मूळ गेममध्ये न्यूयॉर्कच्या आकाशात ट्विन टॉवर्स नाहीत, ते टेक्श्चरची, म्हणजे वस्तूंवर चिकटवलेल्या चित्रांची, मेमरी वाचवायला गाळलेले, आणि गेम आला २००० मध्ये, म्हणजे हल्ल्याच्या वर्षभर आधी. त्यावरून लोक अजून काय काय जोडतात विचारू नकोस.)

बाकी कथा पूर्ण आहे, हाँगकाँग आहे, पॅरिस आहे, स्किल आहेत, शरीरात बसवायचे ऑगमेंटेशन आहेत, कुणाशी कसं बोलायचं ते ठरवणं आहे. उलट काही गोष्टी चांगल्या झाल्यात. माणसांच्या हालचाली मोशन कॅप्चर करून, म्हणजे खऱ्या माणसांवरून टिपून, घेतल्या, मूळ गेममध्ये सगळे काठी गिळल्यासारखे चालतात. सुरुवातीचा सीन, तो बॉब पेज आणि वॉल्टन सायमन्स हे खलनायक कट शिजवत उभे असतात तो, मूळात गेमच्याच ग्राफिक्समध्ये होता, पीएस टूवर वेगळा व्हिडिओ करून घातलाय आणि शेवटही तसेच. दिसायला झकपक आहे पण मला जुनाच आवडतो, तो जरा ओबडधोबड असला तरी अंगावर येतो.

तर खेळ. डिलक्समध्ये आहेच तर वेगळा पैसा जात नाही. पहिलं बेट संपेपर्यंत धीर धर, ते सगळ्यांनाच कंटाळवाणं वाटतं.

प्रश्न: मी हाच गेम पॅडवर (कन्सोलच्या कंट्रोलरवर) खेळतेय. ऑटो-एम, म्हणजे आपोआप नेम धरणारी सोय, चालू केलं की नवरा हसतो, म्हणतो याला खेळणं म्हणत नाहीत. बंद केलं की एकही गोळी लागत नाही. काय करू? – एक वाचक, डोंबिवली

ताई, नवऱ्याला पॅड द्या हातात आणि बंद करून खेळायला सांगा, मग बघू कोण हसतं.

पण प्रश्न महत्त्वाचा आहे. या गेममध्ये गोळी न लागण्यात तुमच्या बोटांचा दोष थोडाच आहे. पिस्तुलाचं स्किल नवशिक्या पातळीवर असेल तर निशाणा फाकलेला राहतो आणि तुम्ही स्थिर उभ्या राहिलात की हळूहळू आवळत जातो, हलल्या की परत फाकतो. म्हणजे हा गेम मुळातच पटकन नेम धरणाऱ्याचा नाही, थांबून मारणाऱ्याचा आहे, आणि म्हणून माझं मत असं की माऊसच्या गेम्सपैकी पॅडवर सगळ्यात कमी बिघडणारा गेम हाच. ऑटो-एम ऐच्छिक ठेवलंय ते शहाणपणाचं केलं, फक्त ते कायम चालू ठेवलं तर पिस्तुलावर पॉइंट घालायची इच्छा कमी होते आणि अर्धी मजा त्या पॉइंटांच्या चणचणीत आहे. माझा सल्ला, सुरुवातीला चालू ठेवा, पिस्तूल नाहीतर रायफल यातलं एकच धरून त्यावर एक-दोन पायऱ्या चढा आणि मग बंद करा. दोन्हींवर थोडे थोडे पॉइंट टाकू नका, कुठलंच धड होत नाही.

पॅडवर खरी पंचाईत सामानाची. कॉम्प्युटरवर चौकटींच्या जाळीत माऊसने वस्तू ओढून बसवायच्या, मोठी बंदूक जास्त चौकटी खाते, शिवाय आकड्यांच्या कीजवर हत्यारं आणि वरच्या एफ कीजवर ऑगमेंटेशन. एवढी बटणं पॅडला नाहीत, म्हणून तो सगळा मामला सोपा करून टाकलाय. मला ती ओढाओढी आवडायची, एक मेडकिट ठेवू की दोन लॉकपिक यावर विचार करत बसायचो, पण माझ्या ओळखीतली निम्मी माणसं त्या जाळीला वैतागून गेम सोडून गेली हेही तितकंच खरं.

प्रश्न: दुसरा भाग 'इन्व्हिजिबल वॉर' तर एक्सबॉक्सवर आला होता, त्याच्याकडे पीएस टूच्या दुप्पट मेमरी होती. मग तो लहान-लहान खोल्यांचा का वाटतो? – एक वाचक, बडोदा

कारण पहिला भाग आधी मोकळेपणाने बांधला आणि मग कापला, दुसरा मोजमाप घेऊनच बांधला. २००३ च्या डिसेंबरमध्ये तो एक्सबॉक्स आणि कॉम्प्युटर दोन्हींवर एकदम आला आणि मॅप आखतानाच ६४ एमबीचा हिशेब डोक्यात होता, तेही एक्सबॉक्सची ६४ म्हणजे ग्राफिक्ससकट सगळ्यांत वाटून घ्यायची. ज्यांच्याकडे तगडे कॉम्प्युटर होते त्यांनाही त्याच खोल्या मिळाल्या, वर लेव्हल बदलताना गेम चक्क बंद होऊन परत सुरू व्हायचा. स्किलचे पॉइंट काढून टाकले, सगळ्या बंदुकांना एकाच प्रकारचा दारूगोळा. हे मात्र मेमरीच्या माथी मारता येत नाही, हा त्यांचा स्वतःचा निर्णय, आणि मला विचाराल तर चुकलेला. 'कन्सोलने गेम बिघडवला' ही ओरड खरी सुरू झाली ती इथून, आणि बिचारा पीएस टूसाठी बदलून केलेला पहिला भाग उगाच तिच्यात सापडला.

प्रश्न: पीएस टूवर माऊस-कीबोर्ड लावता यायचा म्हणतात, ते खरं का? – एक वाचक, मडगाव

हो, पुढे दोन यूएसबी पोर्ट होते. 'अनरिअल टूर्नामेंट' आणि 'हाफ-लाईफ' दोन्ही माऊस-कीबोर्डवर चालायचे. फक्त सोफ्यावर बसून मांडीवर कीबोर्ड आणि माऊस कशावर फिरवायचा याचं उत्तर सोनीनेही दिलं नव्हतं.

प्रश्न: माझ्याकडे ऑफिसचा जुना लॅपटॉप आहे, ग्राफिक्स कार्ड नाही. कॉम्प्युटरवाला चालेल? – एक वाचक, नागपूर

धावेल. सेलमध्ये चहा-नाश्त्याच्या पैशात मिळतो, आणि लोकांनी केलेले मॉड, म्हणजे गेममधले बदल, फुकट टाकता येतात, जे कन्सोलवर कधीच नव्हते. पण पहिल्यांदा खेळताना 'रिव्हिजन' वगैरे मोठे मॉड नको, ते मॅपच बदलतात. आधी मूळ बेट बघून घ्या. आणि पॉल विचारेल तेव्हा जीईपी गन घेऊ नका, जागा फार खाते.