दाराबाहेरचे कान

"ताई, मी २२ वर्षांची आहे. काम करताना मला गाणी लागतात. माझा भाईजान वर्षभरापासून दीनकडे वळलाय. पाच वेळची नमाज पढतो, मोबाइलवर बयान ऐकतो. चांगलंच आहे, पण आता घरात गाणं म्हणजे गुन्हा झालाय. 'गाणी ऐकणाऱ्याच्या कानात कियामतच्या दिवशी वितळलेलं शिसं ओततील,' हे त्याचं रोजचं वाक्य. माझ्या खोलीच्या दाराशी उभा राहून मी काय लावलंय ते ऐकतो. मी दोनदा फोनमधली सगळी गाणी पुसली आणि दोन्ही वेळा आठवड्याच्या आत परत घेतली. नमाजेला उभी राहिले की वाटतं, माझी कबूल तरी होत असेल का? कपड्यांच्या घड्या घालताना अम्मी गुणगुणायची, तीही हल्ली गप्प असते. आणि दुकानात, प्रवासात जे संगीत आपोआप कानावर पडतं त्याचं काय? जायज की नाजायज, एकदाच सांगून टाका."
– गोंधळलेली

बाळा, एकदाच सांगून टाकता आलं असतं तर उलेमांनी, म्हणजे धर्माच्या विद्वानांनी, ते कधीच टाकलं असतं. हजार वर्षांहून जास्त काळ ते यावर वाद घालतायत. मी आलिमा नाही, त्यामुळे फतवा देणार नाही. पण थोडंफार वाचलंय, आणि तुझ्या पत्रात संगीताच्या पलीकडचंही काही दिसतंय.

शिशापासून सुरू करू, कारण तुझी झोप त्यानेच उडवलीय. गाणाऱ्या बाईचं गाणं ऐकणाऱ्याच्या कानात शिसं ओतलं जाईल, ही रिवायत, म्हणजे नबींच्या नावाने सांगितलं जाणारं वचन, फार फिरते. पण हदीसचे, म्हणजे नबींच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींचे, जाणकार ती खरी धरत नाहीत. शेख अल्बानींचं उदाहरण घे. १९९९ मध्ये ते वारले. वाद्यं हराम आहेत हे सांगायला त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं, म्हणजे मत तुझ्या भाईजानचंच. तरी ही रिवायत त्यांनी बातिल, म्हणजे खोटी, ठरवली. वितळलेल्या शिशाची सहीह, म्हणजे खात्रीची, हदीस आहे, 'सहीह बुखारी' या हदीससंग्रहातच आहे, पण ती वेगळ्याच माणसाबद्दल आहे. लोकांना आवडत नसताना जो त्यांचं बोलणं चोरून ऐकतो, त्याच्या कानात शिसं ओतलं जाईल, असं ती सांगते.

हो, दाराबाहेर उभं राहणाऱ्याबद्दल. मला वाचताना हसू आलं, तुलाही येईल. पण ही हदीस भांडणात त्याच्या तोंडावर फेकू नकोस. तो शांत असेल तेव्हा फक्त इतकंच विचार, "भाईजान, ती शिशाची हदीस कुठल्या किताबात आहे, मला दाखवशील?" त्याला स्वतःला शोधू दे.

आता मूळ प्रश्न. तुझा भाऊ हे कुठून तरी उचलून बोलतोय असं मात्र समजू नकोस. चारही मजहबांच्या, म्हणजे इस्लामी कायद्याच्या चार परंपरांच्या, बहुसंख्य फुकहांनी (कायद्याच्या जाणकारांनी) दफ, म्हणजे डफ, सोडून बाकीची वाद्यं नाजायज ठरवली आहेत. सूरह लुकमानच्या सहाव्या आयतीत 'लहवल हदीस', म्हणजे मन भुलवणाऱ्या गोष्टी, असे शब्द आहेत. त्यांचा अर्थ गाणं असाच आहे, असं नबींचे सहाबी, म्हणजे साथी, अब्दुल्लाह इब्न मसऊद शपथेवर सांगत. बुखारीत आणखी एक हदीस आहे. माझ्या उम्मतमध्ये, म्हणजे अनुयायांमध्ये, असे लोक होतील जे व्यभिचार, रेशीम, दारू आणि वाद्यं हलाल मानतील, असं तीत म्हटलंय. अंदलूसचे, म्हणजे मुस्लिम स्पेनचे, इब्न हज्म (मृत्यू १०६४) म्हणाले, हिची सनद, म्हणजे कुणी कुणाकडून ऐकलं ती साखळी, मधेच तुटलेली आहे. पुढे इब्न हजर अस्कलानींनी दुसऱ्या सनदी देऊन ती जोडून दाखवली. हे असं चालतं, बघ. दोन्हीकडची माणसं आयुष्यभर हदीस शिकलेली.

दुसऱ्या बाजूलाही तितकीच मोठी नावं आहेत. इमाम गजाली (मृत्यू ११११) यांनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये समा, म्हणजे ऐकणं, या विषयाला वेगळा भाग दिलाय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मनात जे आधीपासून असतं तेच गाणं ढवळून वर आणतं. म्हणून ते कुणाला खुदाकडे नेईल, कुणाला भलतीकडे. दारूच्या बैठकीची ओळख असलेली वाद्यं मात्र त्यांनीही नाकारली. अलीकडच्या काळात कैरोच्या अल-अजहर या धर्मशिक्षणाच्या संस्थेचे प्रमुख राहिलेले महमूद शलतूत आणि नंतर यूसुफ करजावी यांनी अटी घालून संगीत जायज म्हटलं. अटी साध्या आहेत: शब्द घाणेरडे नसावेत, सोबत दारू-व्यभिचाराचं वातावरण नसावं, फर्ज, म्हणजे धर्माने सक्तीचं केलेलं काम, सुटू नये. सूफींमध्येही एकमत नाही. चिश्ती समाच्या मैफिली भरवतात, नक्शबंदी सहसा त्यापासून लांब राहतात.

मला स्वतःला शलतूत-करजावींचं मत पटतं. हे माझं झालं, तुझ्यावर लादत नाही. तुझ्या दोनदा पुसण्याकडे बघून एवढंच सांगते की दहशतीने गाणी पुसू नकोस, ती परत येतात. त्यापेक्षा बसून यादी बघ. एखाद्या गाण्याचे शब्द अम्मीसमोर मोठ्याने म्हणायला लाज वाटत असेल, तर ते काढायला तुला कुठल्याच आलिमची गरज नाही. एखादं ऐकता ऐकता अस्रच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजेची वेळ निघून जात असेल, तर आधी ती वेळ सांभाळ. एवढं करूनही मन खात असेल आणि हराम मानणाऱ्यांचं म्हणणंच तुला खरं वाटत असेल, तर सोड. पण ते तुझं तू ठरवलेलं असू दे.

नमाज कबूल होण्याचं अल्लाहवर सोड. नमाज कशाने तुटते ते फिकहच्या, म्हणजे धर्माच्या नियमांच्या, किताबांत मोजून दिलंय. तासाभरापूर्वी ऐकलेलं गाणं त्यात नाही. उभी राहत जा.

अम्मीचं वाचून मात्र मला खरंच वाईट वाटलं. तिच्याबाबत तर वादच फार थोडा आहे. वाद्यं हराम मानणाऱ्यांपैकी अनेकजण वाद्याविना, चांगल्या शब्दांचं गाणं चालवून घेतात. खंदकाच्या लढाईआधी, इसवी सन ६२७ मध्ये, सहाबी माती वाहताना कवितेच्या ओळी म्हणत होते आणि नबी करीम (स.) त्यांच्यासोबत म्हणत होते. प्रवासात उंट हाकताना अंजशा गात असे. उंट भरधाव निघाले तेव्हा नबींनी त्याला सांगितलं की जरा हळू, वर काचेची भांडी आहेत. काचेची भांडी म्हणजे उंटांवर बसलेल्या बायका. त्यांनी त्याला सावकाश जायला सांगितलं, गाऊ नको म्हणाले नाहीत. ईदच्या दिवशी हजरत आयेशांच्या घरी दोन मुली गात होत्या. हजरत अबू बक्र रागावले, तेव्हा नबींनीच त्यांना थांबवलं. त्या लहान होत्या, दिवस ईदचा होता, असं कडक मताचे लोक म्हणतात, आणि तेही खरंच आहे. पण घड्या घालताना गुणगुणणारी अम्मी यातल्या कुठल्या यादीत बसते ते भाईजानने मला सांगावं. त्याच्याशी आधी हेच बोल. स्वतःच्या हेडफोनचं नंतर. आणि तो नमाजेला उभा असेल तेव्हा स्पीकर बंद ठेव, ते तुझ्याकडून.

राहिलं आपोआप कानावर पडणारं. कानावर पडणं आणि कान देऊन ऐकणं यात उलेमांनी फरक केलाय, तेव्हा दुकानात शिरताना घाबरू नकोस. याबद्दल अबू दाऊद या हदीससंग्रहात एक प्रसंग आहे. काहींनी त्याच्या सनदीवर शंका घेतलीय, तरी दोन्ही पक्ष तो सांगतात. सहाबी अब्दुल्लाह इब्न उमर रस्त्याने चालले होते. कुठून तरी बासरीचा सूर आला. त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि वाट बदलली. सोबत त्यांचे शिष्य नाफेअ होते. इब्न उमर चालता चालता त्यांना विचारत राहिले, "नाफेअ, ऐकू येतंय का?" नाफेअ म्हणाले, "नाही." तेव्हा त्यांनी बोटं काढली. बासरी हराम म्हणणारे त्या बोटांकडे बघतात. जायज म्हणणारे विचारतात की नाफेअला कान झाकायला का नाही सांगितलं? वाजवणाऱ्याला थांबवायला कुणी का नाही गेलं?

हा प्रसंग भाईजानला सांग. त्याला तो माहीत असेलही.