चारपैकी दोन ठिकाणं सोडा, सांदण तर सोडाच

तुम्ही विचारलंय की 15 ऑगस्टला जोडून तीन दिवस सुट्टी आहे, पुण्याहून गाडीने निघणार, सोबत पत्नी, अकरा वर्षांचा मुलगा आणि चौसष्ट वर्षांचे वडील. तर कळसूबाई, सांदण, रतनगड आणि हरिश्चंद्रगड असं सगळं बसेल का? मी वीसेक वर्षं अकोले तालुक्यातल्या या डोंगरांत जातोय, बहुतेक सगळ्या ऋतूंत. बसणार नाही. आणि ओढूनताणून बसवलंत तरी त्यातलं काहीच नीट बघून होणार नाही.

आधी सांदणचं सांगतो, कारण तिथे प्रश्न जिवाचा आहे. साम्रद गावाजवळची ही घळ म्हणजे ओढ्याचंच पात्र. दोन्ही बाजूंना उभे कातळ, मधली वाट काही ठिकाणी इतकी अरुंद की समोरून माणूस आला तर एकाला थांबावं लागतं. वर डोंगरात पाऊस झाला की ते सगळं पाणी याच फटीतून कोकणाकडे कोसळतं, आणि आत असताना तुम्हाला आकाशाची जेमतेम एक पट्टी दिसते, ढग कुठे भरलाय ते कळतच नाही. बाजूला चढून जायला जागा नाही. 'पाऊस थांबलाय, पटकन बघून येऊ' असं कोणी म्हणालं तरी ऐकू नका. डिसेंबरनंतर या. तेव्हाही आत दोन ठिकाणी पाण्यातून जावं लागतं, दुसऱ्या ठिकाणी मुलाच्या छातीपर्यंत येऊ शकेल, पण ती मजा आहे, धोका नाही.

कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी सगळे तिथेच. बारी गावातून वर जाताना लोखंडी शिड्या लागतात. ऑगस्टच्या जोडसुट्टीत त्यांच्यापाशी रांग लागते. ओल्या लोखंडावर, वाऱ्यात, लहान मुलाला घेऊन ताटकळणं मला पटत नाही. एखाद्या मंगळवारी-बुधवारी या, हाच डोंगर वेगळा वाटेल. नवरात्रात मात्र देवीची जत्रा असते, तेव्हा भाविकांची गर्दी गृहीत धरा.

आता राहिले दोन गड. माझं मत विचाराल तर हरिश्चंद्रगड चढा आणि रतनगड खालून बघा.

हरिश्चंद्रगडाला पाचनईकडूनच जा. अडीच तासांची चढण, मुलाला सहज जमेल. वाट मोठ्या कड्याच्या पोटातून जाते, डोक्यावरून पाण्याच्या धारा पडत असतात. खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट सुंदर आहे, पण पावसात धुकं उतरलं की खिंडीच्या वरचं पठार माणसाला फिरवतं. आम्ही एकदा ऑगस्टमध्ये तिथे अडकलो होतो. पाच पावलांवरचा सोबती दिसत नव्हता. तासभर चालून पुन्हा त्याच दगडापाशी आलो, ज्यावर मघाशी बसून चिक्की खाल्ली होती. कागदाचा कपटा तिथेच चिकटलेला. शेवटी धुक्यातून म्हशीच्या गळ्यातली घंटा ऐकू आली, आणि तिच्यामागून आलेल्या एका मुलाने आम्हाला देवळापर्यंत सोडलं. तेव्हापासून पावसाळ्यात मी गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय निघत नाही. त्याचे पैसे आधी ठरवा, घासाघीस करू नका. कोकणाकडून घळीतून सरळ वर चढणारी नळीची वाट तुमच्यासाठी नाही, तो विषय इथेच संपवू.

वर हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ घाईत बघू नका. जवळच केदारेश्वराची गुहा आहे: पाण्यात भलीमोठी पिंडी, भोवती चार खांब होते, त्यातला एकच शाबूत. पाण्यात उतरलात तर पहिल्या पावलाला घोटे बधिर होतात. कंबरभर पाण्यात प्रदक्षिणा घालताना सगळेच आपोआप गप्प होतात, हे मी दरवेळी बघतो. पाणी जोरात असेल तर काठावरूनच नमस्कार करा.

तिथून कोकणकडा. कडा सरळ उभा नाही, वाटीसारखा आत वळलेला आहे, म्हणजे तुम्ही जिथे उभे असता त्याच्या खाली जमीन नसते. कडेला पालथं पडूनच बघायचं, मुलाचे पाय तुम्ही धरायचे. ओल्या गवतावर सेल्फीसाठी एक पाऊलही पुढे नको. सकाळी पाठीमागून कोवळं ऊन आणि समोर दरीत धुकं असा योग आला तर आपल्या सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य दिसतं, त्याला इंद्रवज्र म्हणतात. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने ते इथेच पाहिल्याची नोंद आहे. मला इतक्या वर्षांत दोनदाच दिसलंय.

मग तीन दिवस असे: पहिल्या दिवशी आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ करत पाचनई, मुक्काम गावात. दुसऱ्या दिवशी उजाडताच तुम्ही तिघे गडावर, बाबा गावातच. ओल्या कातळावर उतरताना गुडघ्यांना त्रास होतो. दुपारी खाली येऊन राजूरमार्गे रतनवाडी. तिसरा दिवस पूर्ण बाबांचा. रतनगडाच्या पायथ्याचं अमृतेश्वराचं देऊळ, त्यावरचं कोरीवकाम आणि शेजारची पुष्करणी यांतच त्यांचे दोन तास जातील. मग जलाशयाच्या काठाकाठाने भंडारदरा. तिथलं विल्सन धरण 1926 सालचं. परतताना रंधा धबधबा, कठड्याच्या अलीकडूनच.

तारीख पुढे ढकलता येत असेल तर सप्टेंबरच्या शेवटी या. सोनकीच्या फुलांनी पठारं पिवळीधमक झालेली असतात, दृश्य उघडतं, आणि तेव्हा रतनगडही नेढ्यापर्यंत, म्हणजे कातळातल्या आरपार भोकापर्यंत, चढता येईल. तिथून अलंग, मदन, कुलंग हे किल्ले एका रांगेत दिसतात.

बूट जुने, पण तळ शाबूत असलेले घ्या. नवे कोरे पहिल्यांदा इथे घालू नका. अत्तर, सेंट लावून येऊ नका, कड्यांवर आग्या मोहोळं असतात. आणि पाचनईत ज्या घरी उतराल तिथे भाकरी किती लागतील ते आदल्या संध्याकाळीच सांगा. मावशी चुलीवर एकेक भाकरी थापतात, ऐन वेळी चार जास्त मागितल्या तर त्यांना पहाटेचं सगळं काम थांबवून पुन्हा परात ओढावी लागते.